विचारून जायची वाट

ज्या रस्त्यावर माझं घर आहे, तो रस्ता एका खोट्या जबाबावर झालेला आहे आणि तो जबाब मी दिला होता. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिला सांगणं तर सगळ्यांत अवघड, कारण या घराच्या पायाची पूजा तिनं फार हौसेनं केली होती, आणि त्या दिवशी तिच्या शेजारी बसून मी हातात अक्षता घेऊन दुसरीकडेच बघत होतो.

मी मुळात बोलका माणूस नाही. गिरणीत मला ‘मुका बाबू’ म्हणायचे. कमी बोलणाऱ्याला लोक आपोआप सरळ समजतात. मला ते आयुष्यभर पुरलं. आता पन्नाशी उलटून गेली आहे, नोकरी संपत आली आहे, आणि सरळ म्हणून मिळालेला मान अंगावर घेऊन फिरणं जमेनासं झालं आहे.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी वर्ध्यात स्टेशनकडच्या एका मोहल्ल्यात खोली घेऊन राहत होतो. नोकरी सिंदी मेघेच्या पलीकडे, सरकीच्या तेलगिरणीत. जिनिंगमधून निघालेली सरकी बैलबंड्यांनी आणि ट्रकांनी यायची, तिचं तेल निघायचं आणि उरलेली ढेप गुरांसाठी विकली जायची. मी तिथे आवक-जावक बघणारा बाबू. कपड्यांना, डब्याला, अगदी उशीलासुद्धा सरकीचा वास. लग्न झाल्यावर बायको म्हणायची, “तुम्ही घरी येण्याच्या आधी तुमचा वास येते.”

सकाळी सगळं जग वर्ध्याकडे यायचं आणि मी वर्ध्याहून बाहेर जायचो. समोरून दुधाच्या कॅन टांगलेल्या सायकली, कचेरीत जाणारे, कॉलेजची मुलं, भाजीच्या टोपल्या घेतलेल्या बाया. त्या सगळ्यांना तोंड देत माझी एकट्याची सायकल उलटी. एक दूधवाला रोज ओरडायचा, “बाबू, वर्धा तिकडं राह्यलं ना!” रोज तोच विनोद, आणि मी रोज हसायचो. समोरासमोर रोज भेटणाऱ्या माणसाचं नावही माहीत नसतं, पण एखाद दिवशी तो दिसला नाही तर करमत नाही. येण्याजाण्याच्या नोकरीत अशी कितीतरी माणसं मिळतात.

गिरणीचा भोंगा दोनदा व्हायचा. पहिला सावध करायला, दुसरा गेट बंद करायला. दुसऱ्या भोंग्यानंतर आलं की अर्धा रोज कापला. चौकीदार दयाळू होता, पण मालकाच्या ऑफिसची खिडकी गेटवरच उघडायची, त्यामुळे त्याच्या दयेचा उपयोग नव्हता. आणि सडक अशी की हाताच्या कोपरासारखी वळलेली. आधी सरळ दूर जायची, मग वळून परत गिरणीकडे यायची. त्या कोपराच्या आतल्या बाजूला भाजीचं एक वावर होतं. सडकेवरून वावरापलीकडे गिरणीचं धुरांडं दिसायचं. दिसायचं समोर आणि जायचं वळसा घालून.

एके दिवशी रेल्वेच्या फाटकाजवळ सायकलची चेन उतरली. ती चढवेपर्यंत हात काळे झाले आणि पहिला भोंगा झाला. त्या वळणावर आलो तेव्हा काट्यांच्या कुपाटीत एक फट दिसली. सायकल उचलली आणि शिरलो.

“काऊन जी, वावर हाये का सडक?”

एक बाई पालकाच्या वाफ्यातून उठून उभी राहिली होती. तेव्हा ती चाळिशीची असेल. कमरेला पदर खोचलेला, हातात खुरपं.

“मावशी, भोंगा होऊन राह्यला. गेट बंद झालं तं अर्धा रोज जाते.”

“तुमचा रोज जाते म्हून माही मेथी जाऊ देऊ का?”

मी खाली पाहिलं. सायकलचं पुढचं चाक मेथीत उभं होतं.

“मास्तर हाये का तुमी?”

“नाई. गिरणीत बाबू आहे.”

“बाबू हाये अन् एवढं समजत नाई? कोनाच्या घरात शिराचं तं दार वाजवा लागते नं? वावराले दार नाई म्हून कोनीबी शिराव का?”

मी आष्टीकडचा. घरी शेती, भाऊ आजही शेतीच करतात. दुसऱ्याच्या पिकात पाय ठेवू नये हे मला शिकवायची गरज नव्हती. मी चूक झाली म्हणालो आणि सायकल मागे ओढू लागलो.

“आता मांगं कुठं चालले? विचारा नं.”

“काय विचारू?”

“जाऊ का म्हून विचारा. मंग जा.”

काळे हात, घामेजलेला शर्ट, आणि गिरणीत शिकलासवरलेला म्हणून ओळखला जाणारा मी शाळेतल्या पोरासारखा उभा राहून म्हणालो, “जाऊ का, मावशी?”

“जा जी. धुऱ्यानं जा. अन् सायकलीवर नाई बसाचं, हातात धरून जा.”

मी वावराच्या मधल्या बांधानं, म्हणजे धुऱ्यानं, सायकल हातात धरून निघालो. विहिरीजवळ तिचा नवरा इंजिनाला दोरी गुंडाळत होता. तो हसून म्हणाला, “वाईट नोका वाटून घेऊ बाबू. हिच्या राज्यात मलेबी विचारा लागते.”

दुसरा भोंगा झाला तेव्हा मी गेटच्या आत होतो.

दुसऱ्या दिवशी चेन उतरलेली नव्हती, उशीरही झालेला नव्हता. तरी त्या वळणावर सायकल थांबली. मी कुपाटीपाशी उभा राहून हाक मारली, “जाऊ का, मावशी?” वांग्यांच्या झाडांमधून आवाज आला, “जा जी.” आणि मग तसंच सुरू झालं. जाताना “जाऊ का”, संध्याकाळी परतताना “येऊ का”. ती कधी म्हणाली नाही की आता रोज विचारायची गरज नाही. मीही कधी न विचारता गेलो नाही. ती दिसली नाही तरी हाक द्यायचो. कधी लांबून इंजिनाच्या आवाजात तिचं उत्तर ऐकू यायचं नाही, फक्त हात वर झालेला दिसायचा. वावरात कोणीच नसलं तरी मी मोकळ्या वाफ्यांना विचारून पुढे जायचो. या सवयीची मला कधी लाज वाटली नाही. उलट दिवसाची सुरुवात कोणाच्या तरी होकारानं होते, हे मला आवडायचं.

हळूहळू गिरणीतले आणखी लोक त्या वाटेनं येऊ लागले. पहिला मिस्त्री. घाण्यांची दुरुस्ती बघणारा, दणकट, गप्पिष्ट, वर्ध्यात माझ्याच मोहल्ल्यात राहणारा. त्याला मीच घेऊन आलो आणि हाक मारायचा नियम मीच शिकवला. तो नियम त्यानं स्वतःच्या पद्धतीनं पाळला. कुपाटीपासूनच ओरडायचा, “मावशी, मालगाडी येऊन राह्यली, सिग्नल द्या!”

“सिग्नल लाल हाये,” मावशी म्हणायची. “काल कोन थुकलं धुऱ्यावर?”

“म्या नाई. बाबू थुकला असन.”

“बाबू थुकत नाई. बाबू तं बोलतबी नाई.”

“बोलत नाई थोच लय डेंजर असते मावशी.”

आम्ही तिघंही हसलो होतो. मिस्त्रीच्या मनात काही नव्हतं.

उन्हाळ्यात त्या वावराचा फार आधार होता. वर्ध्याचं मे महिन्यातलं ऊन ज्यानं सायकलवर सोसलं नाही, त्याला ते सांगून कळणार नाही. डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा, आणि तरी सडकेच्या डांबरावरून येणारी हवा तोंडावर भट्टीसारखी. कुपाटीतून आत शिरलं की ओल्या मातीचा गारवा पायांना लागायचा. विहिरीजवळच्या लिंबाखाली रांजण होता. मावशी म्हणायची, “लगेच नोका पिऊ. घाम जिरू द्या.” आणि मी भोंग्याकडे कान लावून घाम जिरायची वाट बघायचो. परतताना कधी सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी मिळायची, कधी भेदरं, म्हणजे टोमॅटो, कधी नुसती शिवी. “तुमच्या त्या मिस्त्रीले सांगजा, बेल नोको वाजवत जाऊ, म्हैस दूध चोरते.” तिच्या म्हशीसाठी मी गिरणीतून कधीकधी ढेप आणून द्यायचो. ती ठेवून घ्यायची आणि न विसरता दुसऱ्या दिवशी भाजी द्यायची. फुकट काही घ्यायचं नाही, हा तिचा हट्ट होता.

माझं लग्न झालं तेव्हा तिनं टोपलीभर वांगी पाठवली. बायको पहिल्यांदा तिला भेटली तेव्हा मावशीनं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, “हा घरी तरी बोलते का?” बायको म्हणाली, “नाई.” “मंग तूच बोलत जा. याचं बोलनं म्या इथं रोज ठेवून घेते, दोन शब्द.” बायकोला ती आवडली. पण घरी येताना बायको सायकलवर मागे बसून म्हणाली, “तुमचा अर्धा जीव येण्याजाण्यातच जाऊन राह्यला. आपलं घर इकडंच कुठं झालं तं किती बरं होईल.” एका खोलीत आम्ही, नंतर दोन मुलं, पाण्यासाठी सामाईक नळ, आणि पावसाळ्यात भिजून आलेला नवरा. तिचं म्हणणं वावगं नव्हतं. वर्षानुवर्षं ती ते म्हणत राहिली आणि मी “बघू” म्हणत राहिलो.

पावसाळा हीच खरी अडचण होती. काळी माती. सायकल हातात धरून चाललं तरी चाकांना चिकटून माती मडगार्डमध्ये ठासून बसायची, चाक फिरेनासं व्हायचं आणि काडी शोधून ती उकरावी लागायची. एका पावसाळ्याच्या आधी मला सुचलं की गिरणीच्या बॉयलरची राख मागे ढिगानं पडलेली असते. मॅनेजरला विचारलं. तो म्हणाला, घेऊन जा, जागा मोकळी होईल. मग मी मावशीला विचारलं.

“धुऱ्यावर राख टाकली तं चिखल होनार नाई. तुमालेबी टोपली घेऊन जाले सोपं.”

तिनं नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, “टाकू दे. पोट्टे घसरून पडतात.”

“टाका,” ती म्हणाली. “पन धुऱ्यापुरतीच. सडक नाई कराची हाये.”

एका बंडीत राख आली, मिस्त्रीनं आणि मी एका रविवारी ती पसरली. मावशीनं आम्हाला पोहे खाऊ घातले. मग दरवर्षी मृगाच्या आधी आम्ही थोडी थोडी राख टाकत राहिलो. वाट काळी, टणक आणि सरळ झाली. लांबून बघणाऱ्याला ती वाट शेताहून जुनी वाटावी अशी.

ऐंशीचं दशक अर्धं होत आलं तेव्हा वर्ध्याच्या चहूबाजूंना लेआउट पडू लागले. शेत विकत घ्यायचं, चुन्याच्या रेषा मारायच्या, दगड रोवायचे आणि प्लॉट विकायचे. मावशीच्या वावराच्या मागचं शेत असंच एका माणसानं घेतलं. पांढरे कपडे, मोटारसायकल, गोड बोलणं. त्याच्या लेआउटला सडकेवरून यायला रस्ता नव्हता. रस्ता होता तो मावशीच्या धुऱ्यावरून, राखेचा.

तो माणूस गिरणीच्या गेटवर यायचा, आम्हाला चहा पाजायचा. मला म्हणाला, “बाबूजी, किती वर्षं सायकल मारणार? प्लॉट घ्या. हप्ते तुमच्या सोयीनं. गिरणी इथून हाकेच्या अंतरावर. घरी येऊन जेवाल दुपारी.” मी बायकोला सांगितलं. खरं तर सांगायला नको होतं, निदान इतक्या लवकर. तिनं त्याच रविवारी प्लॉट बघितला. कोपऱ्यावरचा, पूर्वेला दार होईल असा. चुन्याच्या रेषेवर उभी राहून ती म्हणाली, “इथं स्वयंपाकघर.” आणि मुलं त्या चौकोनात धावू लागली.

मी पहिला हप्ता भरला. आता रस्ता होणं न होणं माझ्या घराशी बांधलं गेलं.

लेआउटवाल्यानं तहसीलात अर्ज केला की ही वाट पूर्वापार वहिवाटीची आहे आणि ती बंडी जाईल एवढी खुली करून द्यावी. मावशीच्या घरी नोटीस आली. तिनं ती माझ्याकडूनच वाचून घेतली, लिंबाखाली बसून. मी वाचली. तिनं विचारलं, “म्हंजे काय म्हनते थो?”

“म्हणते की ही वाट सगळ्यांची आहे.”

“सगळ्यायची कशी? माहा धुरा हाये.”

“साहेब येतील मोक्यावर. जाणाऱ्या-येणाऱ्यांना विचारतील.”

तिचा चेहरा एकदम सैल झाला. “मंग काय फिकीर. तुमाले विचारतीन नं? तुमी सांगजा. तुमी तं रोज विचारून जाता.”

नवरा म्हणाला, “वाट गेली तं विहिरीचा पाट कटते. पलीकडचं अर्धं वावर कोल्डं पडन.” तो हे ओरडून बोलला नाही. नुसतं सांगितलं. पाट विहिरीपासून धुरा ओलांडून पलीकडच्या वाफ्यांना जायचा, ते मी इतकी वर्षं रोज बघत होतो, सायकल उचलून पाट ओलांडत होतो. भाजीचं वावर म्हणजे पाणी. पाणी थांबलं की ते वावर राहत नाही.

“जे आहे ते सांगतो,” मी म्हणालो. तेव्हा मी ते खरंच म्हणालो होतो, असं मला आजही वाटतं.

साहेब आले त्या दिवशी सकाळची वेळ होती. नायब तहसीलदार, कॉलरमध्ये रुमाल घातलेला, थकलेला पण सभ्य माणूस. सोबत तलाठी. जीप सडकेच्या कडेला उभी होती. वाट पायांनी मोजून झाली. राख बुटानं उकरून पाहिली, खालचे थर दिसले. मग एकेकाला जीपजवळ बोलावून विचारायला सुरुवात केली. मावशीच्या नवऱ्याला सांगितलं, “तुम्ही तिकडे थांबा, शेवटी विचारतो.” तो विहिरीकडे गेला. मावशी तिथंच वांगी तोडत होती. लेआउटवाला मोटारसायकलला टेकून उभा होता. त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघायची गरज नव्हती.

पहिला मीच.

“किती वर्षांपासून जाता या वाटेनं?”

“नोकरीला लागलो तेव्हापासून.” हे खरं होतं.

“ही राख कोणी टाकली?”

“गिरणीतून आली.” हेही खरं होतं.

“दरवर्षी?”

“हो.”

मग त्यांनी पेन थांबवलं आणि मला समजावून सांगितलं. मी ऑफिसातला माणूस म्हणून असेल. “बघा, मुद्दा एवढाच आहे. शेतवाल्यांच्या मर्जीनं जात असाल तर ती त्यांची मेहरबानी झाली, हक्क नाही. म्हणून विचारतो. तुम्ही विचारून जाता का?”

मी विहिरीकडे बघितलं. मावशी आमच्याकडे बघत नव्हती. तिला बघायची गरज वाटत नव्हती, कारण तिथे मी उभा होतो. एकेक वांगं हातानं पुसून टोपलीत ठेवत होती.

“नाही,” मी म्हणालो. “विचारायचं काय त्यात? सगळेच जातात.”

‘नाही’ हा शब्द भीतीनं निघाला असेल, लोभानं निघाला असेल, घर दिसत होतं म्हणून निघाला असेल. पण पुढचं वाक्य कोणी मागितलं नव्हतं. ते मी माझ्या पदरचं जोडलं. मुका बाबू त्या दिवशी गरजेपेक्षा जास्त बोलला.

साहेबांनी लिहून घेतलं. मी सही केली.

माझ्यानंतर मिस्त्री. त्याचा प्लॉट नव्हता, त्याला कशातच रस नव्हता, त्याला फक्त भोंग्याची काळजी होती. त्यानं विचारलं, “बाबूनं काय सांगतलं?”

साहेबांनी कागदावर बोट ठेवून दाखवलं.

“मंग थेच लिवा नं साहेब. बाबू खोटं काऊन बोलन?” आणि न वाचताच त्यानं सही ठोकली. माझी सही बघून त्याच्या मागचे गिरणीतले बाकीचेही तेच सांगत गेले.

शेवटी मावशीच्या नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, लोक विचारून जातात. साहेबांनी तेही लिहिलं. पण आमच्या इतक्या जणांपुढे त्याचं एकट्याचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुपाटीपाशी थांबलो. सडकेनं जावं असं मनात होतं, पण तसं गेलो असतो तर तिला कळलं असतं. म्हणून हाक मारली, “जाऊ का, मावशी?”

“जा जी,” ती म्हणाली. मग हातातलं काम सोडून धुऱ्यापर्यंत आली. “काल बोलले नं तुमी?”

“बोललो.”

“बरं केलं. तुमी बोलले तं साहेब आयकन.” आणि तिनं माझ्या हँडलला मेथीची जुडी अडकवली.

मी ती जुडी घरी नेली. बायकोनं तिची भाजी केली. मी जेवलो.

निकाल यायला बरेच महिने लागले. वाट वहिवाटीची ठरली. आधी बंडीपुरती, मग लेआउटवाल्यानं मुरमाचे ट्रक आणले आणि बघता बघता ती रुंद झाली. पाटाच्या जागी त्यानं सिमेंटचा पाइप टाकून दिला, फार उपकार केल्यासारखा. ट्रकांच्या वजनानं तो फुटला. पुन्हा टाकला, पुन्हा फुटला. पलीकडच्या अर्ध्या वावरात एका उन्हाळ्यात वांगी उभी वाळली. दुसऱ्या वर्षी तिथे काही लावलंच नाही. मग ते अर्धं त्याच माणसाला विकलं, आणि नवरा गेल्यावर उरलेलंही.

या सगळ्यात मावशी माझ्यावर कधी रागावली नाही. तिनं स्वतःच्या मनाशी हिशेब लावला होता आणि तो तिनं मला सांगितला. तेव्हा मी तिच्याजवळ, वाळलेल्या वांग्यांच्या कडेला उभा होतो. “तुमी सांगतलं असन जी. एकट्याचं कोन आयकते? मिस्त्रीनं घात केला माहा. रोज मस्करी करे, सिग्नल द्या म्हने. आता पाह्यलं का, मान खाली घालून जाते.”

मिस्त्री मान खाली घालून जात नव्हता. तो सायकलची चेन बघत जायचा, ती जुनी झाली होती. पण एकदा मनात बसलं की माणसाला तसंच दिसतं. मावशीनं त्याच्याशी बोलणं तोडलं. एकदा वर्ध्याच्या भाजीबाजारात चारचौघांत त्याला म्हणाली, “माह्या रांजणाचं पानी पिऊन माहंच वावर बुडवलं तूनं.” त्यानं कांदे घेतलेली पिशवी तिथेच ठेवली आणि निघून गेला.

संध्याकाळी तो माझ्या खोलीवर आला. “बाबू, मावशी मलेच काऊन बोलते? आपन सगळ्यायनंच तं सांगतलं. तुमीबी सांगतलं नं?”

“हो,” मी म्हणालो.

“मंग तिले सांगा नं, की आपन जे होतं थे सांगतलं. तुमचं आयकते थे.”

“सांगतो,” मी म्हणालो. “जाऊ दे. दुःखात आहे, बोलते काही.”

तो चहा पिऊन गेला. बायकोनं नंतर विचारलं, काय झालं. मी म्हणालो, काही नाही, गिरणीतलं.

आमचं घर झालं. मुलांना मोकळी जागा मिळाली, बायकोला पूर्वेचं दार आणि स्वतःचा नळ. मी दुपारी घरी येऊन गरम पोळी खाऊ लागलो. भोंगा झाला की चप्पल घालायची आणि चालत जायचं. येणंजाणं संपलं. इतकी वर्षं ज्या दगदगीला मी कंटाळलो होतो ती गेली, आणि तरी कितीतरी दिवस सकाळी त्या वेळेला तोंडातून हाक निघता निघता थांबायची. रस्त्याच्या कडेला तेव्हा मावशी उरलेल्या अर्ध्या वावरात काम करत असायची. मला बघून हात वर करायची. मीही करायचो. मला आता कोणाला विचारून जायची गरज नव्हती. माझ्याच शब्दांनी मी ती काढून टाकली होती.

तिची माझ्यावरची माया कमी झाली नाही, हे मला सगळ्यांत जड गेलं. रागावली असती तर मी कदाचित चिडलो असतो, वाद घातला असता, कायदा सांगितला असता आणि मोकळा झालो असतो. वावर विकल्यावर ती मुलीकडे आर्वीला गेली. जायच्या आदल्या दिवशी आमच्याकडे आली. बायकोनं तिला नवं लुगडं दिलं. मावशीनं सबंध घर फिरून बघितलं, भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाली, “चांगलं झालं. तुमच्यासारखा मानूस या रस्त्यावर राह्यते, थेवढंच समाधान.” जाताना मला म्हणाली, “आर्वीले येजा.”

मी तेव्हा बोलू शकलो असतो. बायको आत पाणी आणायला गेली होती. अंगणात आम्ही दोघंच होतो. माझं तोंड उघडलंही होतं. मी म्हणालो, “बस किती वाजता आहे?”

आर्वीला मी कामानं कितीदा गेलो असेन. एस.टी. स्टँडवरून मुलीचं घर लांब नाही, हे मला माहीत आहे, कारण एकदा मी त्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परतलो आहे. तिचा जावई मध्यंतरी वर्ध्याला भेटला. म्हणाला, बुढी आता कमी बघते, कमी ऐकते, पण तुमचं विचारते. आणि अजूनही कधीकधी मिस्त्रीला शिव्या देते.

मिस्त्री गेला. दोन वर्षांपूर्वी त्याच्या गावीच. शेवटपर्यंत त्याला कळलं नाही की मावशीनं त्याला एकट्यालाच का तोडलं, आणि मी ‘सांगतो’ म्हणालो होतो ते त्यानं पुन्हा कधी काढलं नाही.

वावर परत करता येत नाही. त्यावर आता लोकांची घरं आहेत, आणि त्यावरून जाणाऱ्या रस्त्यावर माझं. पण मावशी जिवंत आहे. जीपजवळ ‘नाही’ म्हणणारा पहिला माणूस मी होतो आणि मिस्त्रीनं फक्त माझ्या शब्दावर विश्वास ठेवला, एवढं तिच्यासमोर बसून, तिला ऐकू जाईल अशा आवाजात सांगणं, हे मी तिचं देणं लागतो. ते मी अजून सांगितलेलं नाही.